शहीद पोलीस, अग्निशमन जवानांची कुटुंबं: सलामीनंतरच्या चौथ्या महिन्यात आपण कुठे असतो?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभरातल्या पोलीस मुख्यालयांत परेड होते. वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावं वाचली जातात, बिगुल वाजतो, सलामी दिली जाते. १४ एप्रिलला अग्निशमन केंद्रांतही असंच होतं. पुष्पचक्र वाहिलं जातं, दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात. समोरच्या खुर्च्यांवर त्या माणसांच्या बायका, आई-बाप आणि मुलं बसलेली असतात. कार्यक्रम संपतो, गाड्या निघून जातात, आणि ती माणसं रिक्षा किंवा एसटी पकडून घरी जातात.

त्यानंतर त्या घरात काय होतं? चूल कशावर चालते? मुलाची फी कोण भरतं? या प्रश्नांवर आपल्या समाजात फारशी चर्चा होत नाही. रमजानमध्ये आपण जकात काढतो, मदरशांना देतो, यतीमखान्यांना देतो, इलाजासाठी देतो. मात्र ‘शहीद पोलिसाच्या घरी काही पाठवू या’ असं कुणी म्हटलं की आधी सवाल येतो, ‘त्यांना सरकार देतंच की!’ आणि त्यामागून दुसरा येतो, जरा हळू आवाजात: ‘पोलिसांच्या घरी? आपण?’

हे दोन्ही सवाल खरे आहेत. त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही, म्हणून या लेखात आम्ही त्यांच्याबद्दलच बोलणार आहोत.

दोन तारखा, दोन आगी

आधी या तारखांचा इतिहास. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज भागात चिनी सैन्याने केलेल्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान मारले गेले. त्यांच्या आठवणीत हा पोलीस स्मृती दिन पाळला जातो. दिल्लीतल्या चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभं राहिलं, त्याचं उद्घाटनही २०१८ साली याच तारखेला झालं.

१४ एप्रिल तर थेट आपल्या मुंबईची तारीख आहे. १९४४ साली या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सोबत दारूगोळाही. आग विझवायला गेलेल्या बंबवाल्यांना पुढे काय होणार याची कल्पना नव्हती. स्फोट झाला आणि अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. मांडवीपासून आजूबाजूच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. कोकणातून गोदीवर आणि जहाजांवर कामाला आलेल्या मुस्लिम घरांतल्या जुन्या लोकांकडून या धमाक्याचे किस्से आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकले आहेत.

दुसरी आग अलीकडची. ९ मे २०१५, शनिवारची संध्याकाळ. काळबादेवीच्या गल्लीतली गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली. आत गेलेल्या अधिकाऱ्यांवर इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई जागेवरच गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत इस्पितळात झुंजले, आणि त्याच महिन्यात एकामागून एक त्यांचंही निधन झालं. साध्या जवानासोबत दलाचा प्रमुखही आगीत शिरतो, हे त्या दिवशी मुंबईने पाहिलं.

आपल्या मोहल्ल्यात कोण आलं होतं?

आता जरा आपल्याकडे पाहू. आपली वस्ती बहुतेक ठिकाणी दाट आहे. भेंडीबाजार, डोंगरी, नागपाडा, कुर्ला, भिवंडी, मालेगाव. जुन्या इमारती, अरुंद जिने, लोंबकळणाऱ्या तारा, खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड. अशा वस्तीला अग्निशमन दलाची गरज इतरांपेक्षा जास्तच पडते.

३१ ऑगस्ट २०१७ ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जण गेले. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन कोसळली. त्या ढिगाऱ्याखालून सुमारे १९ तासांनी एका चार वर्षांच्या मुलाला जिवंत बाहेर काढलं, तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि रडलेही. महिन्याभरात, २१ सप्टेंबरच्या पहाटे, भिवंडीतली जिलानी बिल्डिंग पडली. प्रत्येक ठिकाणी ढिगारा उपसायला आपल्या मोहल्ल्यातली पोरं होतीच, पण अग्निशमन दलाचे आणि आपत्ती प्रतिसाद दलाचे जवानही होते. तोल गेलेल्या स्लॅबखाली हात घालताना त्यांनी कुणाचं नाव विचारलं नाही.

त्यातला एखादा जवान उद्या दुसऱ्या ढिगाऱ्याखाली गेला, तर त्याच्या घराचा पत्ता आपल्यापैकी कुणाला माहीत असेल का?

पोलिसांचा सवाल: खरं काय ते बोलू

अग्निशमन दलाबद्दल फार कुणाचा आक्षेप नसतो. अडखळतं ते पोलिसांपाशी. आणि ते का अडखळतं, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात ३१ पोलिसांवर ठपका ठेवला गेला. त्यातल्या बहुतेकांना शिक्षा झाली नाही. जानेवारी २०१३ मध्ये धुळ्यात पोलिसांच्या गोळीबारात आपली सहा तरुण पोरं गेली. निरपराध असूनही वर्षानुवर्षं तुरुंगात काढून सुटलेले लोक आपल्यातच आहेत. ही जखम खोटी नाही, आणि ती विसरा असं आम्ही कुणाला सांगणार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही वाचावी लागते. जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. गोळीबारात आपली दोन माणसं गेली, आणि त्यानंतर दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार मारून जाळलं. ११ ऑगस्ट २०१२ ला आझाद मैदानावरच्या निदर्शनांनंतर हिंसाचार झाला. पोलीस जखमी झाले, महिला पोलिसांशी गैरवर्तन झालं आणि अमर जवान स्मारकाची मोडतोड झाली. त्या दिवशी आपल्यापैकी असंख्य लोकांची मान शरमेने खाली गेली होती. भिवंडीतल्या त्या दोन शिपायांनाही घर होतं. त्यांच्या दारात आपल्या समाजाच्या वतीने कुणी गेलं का, हा सवाल आपण स्वतःला कधी विचारला नाही.

शिवाय ‘पोलीस म्हणजे ते, आपण म्हणजे आपण’ ही विभागणीच चुकीची आहे. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवला आणि १५ पोलीस जवान गेले. त्यातला एक बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, शेख घराण्यातला होता. जम्मू-काश्मीर पोलिसांनी दहशतवादाशी लढताना दीड हजारांहून अधिक माणसं गमावली आहेत, आणि त्यातले बहुतांश आपलेच दीनी भाऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये कोकरनागच्या चकमकीत गेलेले पोलीस उपअधीक्षक हुमायून भट यांचे वडीलही निवृत्त पोलीस अधिकारी. ज्या बापाने आयुष्यभर इतरांच्या मय्यतीला सलामी दिली, त्याने तरुण मुलाच्या तिरंग्यात लपेटलेल्या ताबूतावर फुलं वाहिली. घरी हुमायून यांची तान्ही मुलगी होती.

आणखी एक नाव आपण विसरता कामा नये: इन्स्पेक्टर सुबोधकुमार सिंह. दादरीच्या अखलाक प्रकरणाचा सुरुवातीचा तपास त्यांच्याकडे होता. ३ डिसेंबर २०१८ ला बुलंदशहर जिल्ह्यात गोहत्येच्या संशयावरून जमाव भडकला. तो जमाव शांत करायला गेलेल्या या अधिकाऱ्यालाच ठार मारण्यात आलं. त्याच दिवसांत बुलंदशहरात तबलिगी इज्तेमा भरलेला होता, लाखो लोक परतीच्या वाटेवर होते. तो जमाव आवरला नसता तर काय घडलं असतं, याची कल्पना करून पाहा. त्या विधवेचं आणि त्या मुलांचं आपल्यावर काही देणं आहे की नाही?

इथे २६/११ आठवल्याशिवाय राहत नाही. त्या रात्री हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर आणि तुकाराम ओंबळे गेले. त्यानंतर मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या व्यवस्थापनाने हल्लेखोरांचे मृतदेह दफन करायला नकार दिला. समाज म्हणून आपण तेव्हा ठाम भूमिका घेतली, आणि ती देशाने पाहिली. मारणाऱ्यांना जागा नाही, हे आपण तेव्हा सांगितलं. मारले गेलेल्यांच्या घरी आपण असू, हे सांगायचं अजून बाकी आहे.

इन्साफाची मागणी आणि हमदर्दी या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. दोषी पोलिसावर खटला चालावा असं म्हणणारा माणूसच निर्दोष शिपायाच्या यतीम मुलाच्या डोक्यावर हात ठेवू शकतो. एकाच्या गुन्ह्याचं ओझं दुसऱ्यावर टाकू नये, हे तर आपला दीनच शिकवतो. आपल्या बाबतीत तसं होतं तेव्हा आपण तक्रार करतो. मग आपणही तसं करू नये.

‘सरकार देतंच की!’ – किती, कुणाला, कधी?

आता पहिला सवाल. सरकार देतं, हे खरं आहे. चकमकीत किंवा हल्ल्यात गेलेल्या नियमित पोलिसाच्या कुटुंबाला सानुग्रह रक्कम, कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा तत्त्वावर नोकरी अशी व्यवस्था आहे. कोरोनात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांच्या वारसांसाठी राज्य सरकारने ५० लाख रुपये जाहीर केले होते. केंद्रीय दलांसाठी गृह मंत्रालयाने २०१७ साली ‘भारत के वीर’ ही व्यवस्था सुरू केली. तिथे कुणीही घरबसल्या शहीद जवानाच्या वारसाच्या खात्यात थेट पैसे टाकू शकतो, आणि एका कुटुंबासाठी १५ लाखांची मर्यादा ठेवलेली आहे, म्हणजे सगळी मदत एकाच प्रसिद्ध घराकडे जाऊ नये. कल्पना चांगली आहे. पण ती सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांपुरती आहे. राज्याचा पोलीस शिपाई किंवा नगरपरिषदेचा फायरमन त्यात येत नाही.

म्हणजे खरी भेग आहे ती इथे. बातमीत गाजलेल्या मृत्यूला मदत मिळते. पण नाकाबंदीत ट्रकने उडवलेला वाहतूक शिपाई, बंदोबस्ताच्या सलग ड्युट्यांनंतर हृदयविकाराने गेलेला हवालदार, विहिरीत उतरून विषारी वायूने गेलेला फायरमन, यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. सरकारी कागदावर ‘शहीद’ हा शब्दच नाही. लष्करात आणि पोलिसांत अशी अधिकृत संज्ञा वापरली जात नसल्याचं केंद्रीय माहिती आयोगासमोर २०१७ मध्ये सांगण्यात आलं. आपण ज्याला शहीद म्हणतो तो कागदावर ‘कर्तव्यावरील मृत्यू’ असतो, आणि मृत्यू नेमका कर्तव्यावरच झाला हे सिद्ध करण्याची पायपीट घरच्यांच्या वाट्याला येते.

त्याहून खालच्या पायरीवर तर कुणाचंच लक्ष नाही. होमगार्डला दिवसाचा भत्ता मिळतो, पेन्शन नाही. अनेक छोट्या नगरपरिषदांमध्ये बंबावर कंत्राटी चालक आणि कंत्राटी फायरमन काम करतात. आग त्यांना कंत्राटी समजून कमी भाजत नाही. जांभुळखेड्याच्या स्फोटात पोलीस १५ होते, पण मृतदेह १६ होते. सोळावा होता पोलिसांना घेऊन जाणाऱ्या खासगी गाडीचा चालक. आम्हाला वाटतं, समाजाच्या मदतीची सुरुवात या सोळाव्या माणसाच्या घरापासून व्हायला हवी.

चार महिने दहा दिवस

आता वेळेबद्दल. पहिल्या तीन दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं. पुढारी येतात, कॅमेरे येतात, धनादेशाची घोषणा होते. मग गर्दी ओसरते. आपल्याकडे विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती संपते तेव्हा बाई उंबऱ्याबाहेर पडते, आणि तिच्या हातात कागदांची पिशवी असते. आपल्या गैरमुस्लिम बहिणींच्या घरी इद्दत नसते, पण चौथा महिना तिथेही तसाच येतो. जाहीर झालेली रक्कम अजून आलेली नसते, पगार थांबलेला असतो, पोलीस लाइनीतली खोली कधी सोडायची याची चिंता सुरू झालेली असते, आणि शाळेचं नवं वर्ष तोंडावर असतं.

मुदती मात्र कुणासाठी थांबत नाहीत. महाराष्ट्रात अनुकंपा नोकरीचा अर्ज मृत्यूपासून ठरवून दिलेल्या मुदतीच्या आत करावा लागतो. वारस अज्ञान असेल तर तो अठरा वर्षांचा झाल्यावर ठरलेल्या मुदतीत अर्ज करतो. वयाची वरची मर्यादा ४५. त्यानंतर प्रतीक्षा यादी असते, आणि ती वर्षानुवर्षं सरकत नाही. हे माहीत नसल्यामुळे हक्क बुडतो. इद्दतीत असलेल्या बाईला गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायची मुभा आपल्या फुकहांनी दिलेली आहे, हेही अनेक घरांत सांगितलं जात नाही. ‘आधी इद्दत होऊ दे’ म्हणता म्हणता वर्षाचा तिसरा हिस्सा निघून जातो.

आणखी एक नाजूक गोष्ट, जी सगळ्याच समाजांत आहे. पैसा आला की सासू आणि सून, दीर आणि भावजय यांच्यात तेढ येते. मुलगा आई-बापाचाही होता, नवरा बायकोचाही होता. आपल्या घरांत सर्वसाधारणपणे उलेमा असं सांगतात की कुटुंब निवृत्तिवेतन ज्याच्या नावे मंजूर झालं त्याचं, आणि मयताचा थकीत पगार किंवा भविष्य निर्वाह निधी हा तरका, तो शरीअतीच्या हिश्श्यांप्रमाणे वाटायचा. अशा वेळी मोहल्ल्यातल्या दोन जाणत्या माणसांनी, एखाद्या मुफ्तींना सोबत घेऊन, वेळीच बसून हे समजावलं तर एक घर कोर्टाच्या पायऱ्यांपासून वाचतं. ही मदत पैशाची नाही, पण तिची किंमत लाखांत आहे.

हजरत जाफर (रजि.) यांचं घर

या सगळ्याचा नमुना आपल्याकडे आधीपासून आहे. हिजरी सन ८ मध्ये मुअताच्या लढाईत हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) शहीद झाले. खबर आली तेव्हा प्रेषित मुहम्मद (सल्ल.) स्वतः त्यांच्या घरी गेले. मुलांना जवळ बोलावलं, छातीशी धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) यांना तेव्हाच कळून चुकलं. मग प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या घरच्यांना जाफरच्या घरासाठी जेवण बनवायला सांगितलं, कारण त्या घरावर असा प्रसंग ओढवला होता की त्यांना चुलीचं भान राहणार नव्हतं.

इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. मय्यतीच्या घरी खिचडा किंवा वरण-भात पाठवण्याची आपली रीत तिथूनच आली. पण गोष्ट पुढे आहे. तीन दिवसांनी ते पुन्हा गेले. न्हावी बोलावून मुलांचे केस काढवले. आईने मुलांच्या यतीमपणाची काळजी बोलून दाखवली, तेव्हा त्यांचा वली मी आहे, असा दिलासा दिला. म्हणजे तीन टप्पे झाले: आधी सोबत, मग जेवण, मग पालकत्व. आपण दुसऱ्या टप्प्यावर थांबतो. तिसरा टप्पा लांबचा आहे, कंटाळवाणा आहे, त्यात फोटो नाही. पण तोच खरा आहे.

जकात द्यावी की सदका?

वाचकांचा हा सवाल हमखास येणार, म्हणून थोडक्यात. जकातीचे आठ हकदार सूरह तौबामध्ये नेमून दिलेले आहेत. शहीदाचं कुटुंब केवळ शहीदाचं आहे म्हणून जकातीचं हकदार ठरत नाही. विधवेच्या मालकीची निसाबाइतकी रक्कम असेल तर तिला जकात लागू होत नाही. कंत्राटी मुस्लिम फायरमनची बेवा, जिच्याकडे काहीच नाही, ती मात्र हकदार असू शकते. गैरमुस्लिम कुटुंबाला फर्ज जकात देता येत नाही, असं बहुसंख्य फुकहा म्हणतात. पण नफली सदका, लिल्लाह, हदिया यांना धर्माची अट नाही. गरीब, यतीम आणि कैदी यांना अन्न देणाऱ्यांची कुरआनने स्तुती केली आहे, आणि जे आपल्याशी लढत नाहीत त्यांच्याशी भलाईने वागायला मनाई केलेली नाही. तेव्हा मार्ग बंद नाही, फक्त खातं वेगळं ठेवायचं. मशिदीच्या बैतुल मालमध्ये जकातीचा डबा वेगळा आणि लिल्लाहचा वेगळा असतोच. बारीक मसल्यासाठी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

करायचं काय?

पहिलं, एक मोहल्ला किंवा एक जमात मिळून एक घर धरा. दहा घरांना एकदा पाच हजार देण्यापेक्षा एका घरातल्या एका मुलाची बारावीपर्यंतची फी दरवर्षी भरा. दहा घरांनी महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढले तरी वर्षाचे २४ हजार होतात. छोट्या गावातल्या शाळेची फी, वह्या आणि गणवेश त्यात बसतो.

दुसरं, माणूस द्या. प्रत्येक जमातीत एखादा निवृत्त कारकून, एखादा वकील, एखादी शिक्षिका असते. वारस दाखला, नामनिर्देशन, पगार खात्यासोबत असलेला अपघात विमा, मुदतीत अर्ज. अनेक घरांना तो विमा आहे हेच ठाऊक नसतं. कंत्राटी कामगार असेल तर कामगार नुकसानभरपाईचा दावा कंत्राटदाराच्या तोंडी आश्वासनावर सोडून द्यायचा नसतो. दहा फेऱ्या मारणारा एक माणूस दहा धनादेशांच्या बरोबरीचा आहे.

तिसरं, पैसा कुठे जातो ते पाहा. कुणी घटना घडल्या घडल्या मोबाइलवर क्यूआर कोड फिरवू लागला की थांबा. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, हिशेब देते का, पावती देते का, हे विचारा. शक्य असेल तर रक्कम थेट वारसाच्या बँक खात्यात टाका. ८०जी ची सवलत हवी असेल तर रोख दोन हजारांपेक्षा जास्त देऊ नका, आणि नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही हेही ध्यानात असू द्या. आखातात असलेल्या आपल्या कोकणी भावांसाठी: भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती ठरते, आणि मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी असावी लागते.

चौथं, इज्जत सांभाळा. करकरे यांच्या घरच्यांनी एका राजकीय नेत्याने देऊ केलेली मोठी रक्कम नाकारली होती, हे आठवा. विनीता कामटे यांना तर त्या रात्री नेमकं काय घडलं हे कळावं म्हणून माहिती अधिकारात अर्ज करावे लागले आणि शेवटी ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक लिहावं लागलं. या घरांना पैशांइतकीच उत्तरंही हवी असतात. कुणीतरी ऐकून घेणारं हवं असतं. टोपी घालून, बॅनर धरून, विधवेच्या हातात पाकीट देतानाचा फोटो काढायचा असेल तर न गेलेलं बरं. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, हा आपल्याकडचा दस्तूर आहे.

पाचवं, आणि हे सगळ्यात स्वस्त: जवानाला मरायची वेळच येऊ देऊ नका. जिन्यात ठेवलेलं सामान हटवा. मीटरच्या खोलीतलं भंगार काढा. बंब आत येईल एवढी गल्ली मोकळी ठेवा, दुकानाचा पत्रा मागे घ्या. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना आगीची यंत्रणा सक्तीची आहे, त्यांनी ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. आपल्या सोसायटीने, मदरशाने, शादीखान्याने तो दिला आहे का, हे या जुम्याला विचारा. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा सदका असल्याचं आपण मुलांना शिकवतो. जिन्यातलं गॅसचं रिकामं सिलिंडर ही त्यातलीच वस्तू आहे.

शेवटी

काही वाचक म्हणतील, आपल्याच गरिबांना पुरत नाही, तिथे हे कुठे? त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे की आम्ही जकातीतला वाटा मागत नाही आहोत. मागतो आहोत ते वर्षातले काही तास, महिन्याचे दोनशे रुपये, आणि एका दारापर्यंत जाण्याची हिंमत. कदाचित ते दार पहिल्यांदा पटकन उघडणार नाही. त्यांच्याही मनात आपल्याबद्दल काही असेल. तरी जावं. दुसऱ्यांदा जावं. चौथ्या महिन्यात जावं, आणि चौथ्या वर्षीही जावं.

पुढच्या १४ एप्रिलला आणि २१ ऑक्टोबरला नावं वाचली जातील तेव्हा त्या यादीतलं एक नाव तरी आपल्या मोहल्ल्याच्या ओळखीचं असावं. त्याच्या मुलीला दहावीत किती टक्के मिळाले, हे आपल्याला माहीत असावं.

अल्लाह कर्तव्यावर गेलेल्या या सर्वांच्या घरच्यांना सब्र देवो, त्यांच्या मुलांचं भलं करो, आणि आपल्याला तिसऱ्या दिवसानंतरही त्यांच्या दारी जाण्याची तौफिक देवो. आमीन.